आधी विका, मग छापा : छोटे प्रकाशक नवं ‘जग’ बाजारात कसं आणतात

आर.पी.जी. म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये निरनिराळे अर्थ निघतात. एन.सी.सी.वाल्यांना खांद्यावरचं रॉकेट लाँचर आठवतं. कॉम्प्युटरच्या एखाद्या अभ्यासू प्राण्याला आय.बी.एम.ची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा आठवते. बाकीच्यांना मॉनिटरवर तलवार फिरवणारा हिरो दिसतो. मी ज्याबद्दल लिहितोय तो खेळ यातला एकही नाही. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. (टेबल नसेल तर खाट चालते, आमची चालते.)

चार-पाच जण बसतात. त्यातला एक सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. सूत्रधार सांगतो, ‘तुम्ही वेशीपाशी पोचलात, दार बंद आहे, आत दिवा दिसतोय.’ मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करतं ते सांगतो. जमलं की नाही ते फासे ठरवतात. ना बोर्ड, ना स्क्रीन. नाटक आणि सापशिडी यांचं लग्न लावलं तर जे होईल, साधारण ते.

आता मुद्द्याचं. या खेळात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे नियम : फासे किती, कुठला आकडा आला की काय होतं. दुसरी म्हणजे ज्यात गोष्ट घडते ते जग : शहरं, माणसं, देव, भांडणं, नकाशे. याला इंग्रजीत सेटिंग म्हणतात, मी सरळ ‘जग’ म्हणतो. नियम एकदा शिकले की झालं, जगं मात्र नवनवी लागतात. ही जगं लिहून विकणारे बहुतेक प्रकाशक अगदी लहान असतात. दोन-चार माणसं, कधी कधी तर एकच, तोही नोकरी सांभाळून.

असा माणूस नवं जग लोकांपर्यंत पोचवतो कसा? कल्पना सुचण्याचा भाग सोडा, ती रात्री मेसच्या रांगेतही सुचते. खरा प्रश्न हा, की पैसे आधी कोण घालतो आणि बुडाले तर कोणाचे बुडतात. गेल्या पन्नास वर्षांत या धंद्यात जे बदल झाले ते याच एका प्रश्नाभोवती फिरतात, असं माझं मत आहे. ते पटतंय का बघा.

जुना रस्ता : आधी छापा, मग विका

या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तो निघाला. कंपनीचं नाव टी.एस.आर. पहिली आवृत्ती १००० प्रतींची, खोके घरच्या घरी हातानं भरलेले. वर्षाच्या आत ती संपली. म्हणजे या धंद्याचा मूळपुरुषसुद्धा छोटा प्रकाशकच होता.

पुढे धंदा वाढला आणि साखळी तयार झाली : प्रकाशक, मग वितरक, मग दुकानदार, मग गिऱ्हाईक. या साखळीत साधारण रिवाज असा, की छापील किमतीच्या ४० टक्क्यांच्या आसपास रक्कम प्रकाशकाच्या हाती येते. उरलेली वितरक आणि दुकानदार वाटून घेतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. गोदाम, वाहतूक, दुकानाचं भाडं त्यांनाच भरायचं असतं.

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला आपण ‘ब्रेक इव्हन’ काढतो ना, तो इथे काढून बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा पुस्तक ४० डॉलरचं आहे. लेखक, चित्रकार, संपादक, मांडणी मिळून ८००० डॉलर. १००० प्रतींची छपाई ६००० आणि वाहतूक १०००. एकूण १५,०००. एका प्रतीमागे हातात येणार १६ डॉलर. १५,००० भागिले १६, म्हणजे ९३८ प्रती. हजारातल्या ९३८ खपल्या तेव्हा कुठे मुद्दल सुटलं! उरलेल्या ६२ प्रतींतून जी काही हजारेक डॉलरची कमाई होईल ती, आणि तीही सगळ्या खपल्या तर. न खपलेल्या प्रती पलंगाखाली.

म्हणूनच या धंद्यात जुने लोक ‘गॅरेजमधल्या पेट्या’ हा शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारतात.

जगं जास्त झाली तर?

मोठ्या माणसाचं काय झालं तेही बघायला हवं. १९८० आणि १९९० च्या दशकांत टी.एस.आर.नं जगांचा सपाटा लावला. ड्रॅगनलान्स १९८४, फरगॉटन रेल्म्स १९८७, रेव्हनलॉफ्ट १९९०, डार्क सन १९९१, प्लेनस्केप १९९४, बर्थराइट १९९५. एकाहून एक सरस, आजही लोक आठवण काढतात. पण प्रत्येक जगाचे भक्त वेगळे झाले. डार्क सनवाला प्लेनस्केपचं पुस्तक घेईना आणि प्लेनस्केपवाला बर्थराइटकडे बघेना. गिऱ्हाईक तेवढंच, वाटे मात्र सहा. त्यात पुस्तकांच्या दुकानांचा रिवाज असा की न खपलेला माल परत पाठवता येतो. तसा तो ढिगानं परत आला. कारणं आणखीही होती, पण परिणाम एकच : १९९७ मध्ये टी.एस.आर. विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या ताब्यात गेली.

धडा साधा आहे. जग नवं असणं पुरेसं नाही. ते घेणारा माणूस आधी कुठल्या टेबलावर बसलेला आहे, हे माहीत असावं लागतं.

२००० : नियम घ्या, जग तुमचं आणा

विझर्ड्सनं २००० साली एक वेगळीच चाल खेळली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ काढलं. अर्थ असा, की नियमांचा गाभा कुणीही वापरा, त्यावर स्वतःचं पुस्तक लिहा, विका, आम्हाला रॉयल्टी नको. आपल्याकडचे लिनक्सप्रेमी लगेच ओळखतील, कल्पना त्याच घराण्यातली.

छोट्या प्रकाशकाचं निम्मं ओझं उतरलं. नियम लिहायचे नाहीत, तपासायचे नाहीत, शिकवायचेही नाहीत. फक्त जग लिहायचं. ख्रिस प्रामस यांच्या ग्रीन रोनिन या नव्याकोऱ्या कंपनीनं ‘डेथ इन फ्रीपोर्ट’ ही छोटी साहसकथा काढली. तारीख १० ऑगस्ट २०००, ठिकाण मिलवॉकी शहरातला ‘जेन कॉन’ हा खेळांचा मेळावा. नव्या आवृत्तीचं मुख्य पुस्तकही तिथेच, त्याच दिवशी विक्रीला आलं होतं. लोक नवे नियम घेऊन वळले, की शेजारी हे तयार! टायमिंग म्हणतात ते हे.

फ्रीपोर्ट म्हणजे चाच्यांचं बंदर. एकच शहर. आख्खं खंड, पाच हजार वर्षांचा इतिहास वगैरे नाही. तुमच्या खेळात जिथे समुद्र असेल तिथे हे शहर ठेवा, चालतं. छोट्या प्रकाशकानं छोटं जग विकलं, आणि दुसऱ्याच्या मोठ्या जगात मावेल असं विकलं. हे मला फार हुशारीचं वाटतं.

पण फुकट मिळालेल्या रस्त्यावर गर्दी होतेच. दोन-तीन वर्षांत दुकानांत अशा पुस्तकांचा पूर आला. बरी-वाईट सगळी एका रांगेत. जुलै २००३ मध्ये विझर्ड्सनं सुधारित नियम काढले, त्याला साडेतीनवी आवृत्ती म्हणतात. दुकानातला जुना साठा एका रात्रीत शिळा झाला. बरेच छोटे प्रकाशक त्यात बसले ते उठलेच नाहीत.

ग्रीन रोनिननं पुढे काय केलं बघा. २००७ मध्ये ‘पायरेट्स गाइड टू फ्रीपोर्ट’ काढलं आणि त्यात नियमच ठेवले नाहीत. फक्त शहर. वेगवेगळ्या नियमांसाठी वेगवेगळ्या जोडपुस्तिका. म्हणजे नियम बदलले तर पुस्तिका बदला, शहर तसंच. प्रोग्रॅमिंगवाल्यांना हे सांगायला नको : डेटा वेगळा, इंजिन वेगळं!

पीडीएफ आणि एकेक प्रत

दुसरा बदल याच काळात सुरू झाला. २००१ मध्ये आरपीजीनाऊ, २००४ मध्ये ड्राइव्हथ्रूआरपीजी ही पीडीएफ विकणारी दुकानं इंटरनेटवर सुरू झाली. २००६ मध्ये दोन्ही एक झाली. प्रकाशकाला किमतीच्या ६५ टक्के, आणि फक्त त्यांच्याकडेच विकायचं कबूल केलं तर ७० टक्के. प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात उमटवायची सोय. म्हणजे हॉस्टेलमध्ये झेरॉक्स फिरली तर मूळ दाता कोण, ते पानोपानी दिसतं, बरं का!

मघाचंच गणित पुन्हा मांडू. पीडीएफ २० डॉलरची, हातात १३. छपाई शून्य, वाहतूक शून्य, खर्च फक्त ते ८०००. ६१६ प्रतींना मुद्दल सुटतं. ९३८ च्या तुलनेत बरंच, पण खरा फायदा आकड्यात नाही. ६०० च्या जागी १०० खपल्या तरी पलंगाखाली काही साचत नाही. आणि दहा वर्षांनी कुणाला ती हवीशी वाटली तर ती तिथेच असते, ‘आउट ऑफ प्रिंट’ होत नाही.

ज्यांना कागदच हवा त्यांच्यासाठी नंतर मागणीनुसार छपाई आली. ऑर्डर आली की एक प्रत छापायची, थेट घरी पाठवायची. एका प्रतीचा खर्च जास्त पडतो, त्यामुळे वितरक आणि दुकानदाराला द्यायला त्यात फारसं उरत नाही. पण साठा नाही.

आधी विका, मग छापा

आपल्याकडे मोठे ग्रंथ, कोश, अनेक खंडांचे संच निघतात तेव्हा ‘प्रकाशनपूर्व सवलत’ जाहीर होते. आधी पैसे भरा, स्वस्तात मिळेल. आलेल्या पैशांतून छपाई होते. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टरनं हीच गोष्ट इंटरनेटवर केली, एक अट घालून : ठरवलेली रक्कम जमली तरच पैसे कापायचे, नाही जमली तर कुणाचेच नाही.

या प्रकारातलं मला आवडणारं उदाहरण एव्हिल हॅट प्रॉडक्शन्सचं. त्यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ‘फेट कोअर’ या नियमपुस्तकासाठी फक्त ३००० डॉलर मागितले. जानेवारी २०१३ च्या अखेरीस मोहीम बंद झाली तेव्हा १०,१०३ लोकांनी मिळून ४,३३,३६५ डॉलर दिलेले होते! पण आकड्यापेक्षा त्यांची रीत बघा. ‘इतके जमले तर हे जास्त देऊ’ अशा पायऱ्या त्यांनी लावल्या होत्या, आणि त्या पायऱ्यांवर काय होतं? नवी जगं. अनेक लेखकांनी लिहिलेली छोटी छोटी जगं, दोन खंडांत. म्हणजे कुणी ओळखत नसलेल्या जगाला एकट्यानं बाजारात उभं राहायची वेळच आली नाही. ते ओळखीच्या पुस्तकाचं बोट धरून आलं.

पुढे २०१४ पासून त्यांनी पॅट्रिऑनवर वेगळीच व्यवस्था केली. दर महिन्याची वर्गणी नाही. नवं छोटं जग तयार झालं की त्या वेळी वर्गणीदारांकडून ठरलेली रक्कम. त्या पैशांतून लेखक, चित्रकार, संपादक यांचं मानधन. ‘द सीक्रेट्स ऑफ कॅट्स’ हे असंच एक. त्यात खेळाडू मांजरं होतात आणि बिचाऱ्या बेसावध माणसांचं भुताखेतांपासून रक्षण करतात. मोठ्या प्रकाशकानं हे छापलं असतं का? मला शंका आहे. बाकीच्यांसाठी ही पीडीएफ ‘वाटेल ते द्या’ या किमतीला. शून्यही चालतं. आमच्या खोलीत पहिला डाव याच मांजरांचा झाला. मेसच्या मांजराकडे तेव्हापासून सगळे आदरानं बघतात.

अर्थात या रस्त्यावरही खड्डे आहेत. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. सगळ्यात मोठा खड्डा टपालाचा. मोहीम संपल्यावर पुस्तक तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तोवर टपालाचे दर वाढले तर ते प्रकाशकाच्या खिशातून. मुद्दल आधी आलं म्हणजे जोखीम गेली असं नाही. ती दुकानातून उठून पोस्टाच्या रांगेत उभी राहिली, इतकंच.

पातळ पुस्तिकांचे दिवस

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रवाह दिसतो : जग पातळ करा. फेब्रुवारी २०१९ मध्ये किकस्टार्टरनं ‘झीन क्वेस्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. झीन म्हणजे दुमडून, मधोमध पिना मारलेली छोटी, एका रंगातली पुस्तिका. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांची आठवण यावी अशी. दोन आठवड्यांची मोहीम, छोटी रक्कम, हलकं टपाल.

‘मदरशिप’ हा अंतराळातल्या भयकथांचा खेळ २०१८ मध्ये अशाच पुस्तिकेच्या रूपात आला. नियमांची पीडीएफ जवळजवळ फुकट, पैसे पुढच्या पुस्तिकांचे. त्यांची ‘द हॉन्टिंग ऑफ इप्सिलॉन १४’ ही साहसकथा तर एका कागदावर आहे. दोन्ही बाजूंनी छापलेला, तीन घड्यांचा कागद, लॅबच्या माहितीपत्रकासारखा. त्यात अख्खी खाण, नकाशा, माणसं आणि एक भयंकर प्राणी. अशा पातळ कागदांवर वाचक गोळा केल्यावर २०२१ मध्ये त्यांनी मोठी पेटी काढायला पैसे मागितले आणि १० लाख डॉलरच्या वर जमले. आधी पत्रक, मग पेटी. क्रम लक्षात ठेवा.

परक्याचं अंगण

इथवर सगळं छान वाटतंय. पण प्रत्येक सोयीमागे कुणाची तरी जमीन आहे. ते मालक उठले तर?

जानेवारी २०२३ मध्ये हेच झालं. विझर्ड्स ते जुनं ओपन गेम लायसन्स बदलणार, अशा मसुद्याची बातमी फुटली. साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि जुना परवाना रद्दबातल. तेवीस वर्षं ज्या पायावर घरं बांधली तो पायाच काढून घेणार! खेळाडू आणि प्रकाशक दोघेही खवळले. २७ जानेवारीला विझर्ड्सनं माघार घेतली. जुना परवाना राहिला, आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. तो परवाना परत घेता येत नाही. दरम्यान पायझोच्या पुढाकारानं ग्रीन रोनिन, केऑसियम वगैरे मंडळींनी ‘ऑर्क’ नावाचा स्वतंत्र परवाना तयार करायला घेतला, तोही त्याच वर्षी आला.

दुसरं उदाहरण ‘डीएम्स गिल्ड’ या २०१६ च्या दुकानाचं. तिथे विझर्ड्सच्या प्रसिद्ध जगांत कुणीही लिहू शकतं. वाचक तयार मिळतो. पण लेखकाला निम्मेच पैसे, आणि लिखाण त्या दुकानाबाहेर नेता येत नाही. भाड्याच्या खोलीत रंग लावण्यासारखं आहे हे. खोली सुंदर होते, पण आपली होत नाही.

आणि कागदाच्या बाजूलाही तेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डायमंड या मोठ्या वितरकानं दिवाळखोरीचा अर्ज केला. विक्रीसाठी त्यांच्या गोदामात ठेवलेला अनेक प्रकाशकांचा माल कोर्टकचेरीत अडकला. माल प्रकाशकाचा, कुलूप दुसऱ्याचं.

म्हणून छोट्या प्रकाशकानं स्वतःला विचारायचा प्रश्न ‘कुठे जास्त खपेल’ एवढाच नाही. ‘उद्या हे दुकान बंद झालं तर माझं जग माझ्याबरोबर बाहेर येईल का’ हाही आहे.

आणि आमचं काय?

हे सगळं मी उगाच वाचत बसलो नाही. आम्ही पाच जणांनी दोन सेमिस्टर खेळता खेळता एक जग लिहिलंय. नाव ‘बुडीत’. धरणाखाली गेलेली सहा गावं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की चार आठवड्यांसाठी उघडी पडणारी त्यांची देवळं, वेशी, विहिरी. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना कल्पना कुठून आली हे कळेल. मजकूर सध्या चाळीसेक पानं आहे.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, सरळ ३०० प्रती छापू, गॅदरिंगला विकू. त्याला मी वरचं गणित दाखवलं. (त्याला अजून पटलेलं नाही. तो प्रॉडक्शनचा आहे, त्याला प्रॉडक्शन करायचंच असतं.) किकस्टार्टरवर मोहीम काढायला ठरावीक देशांतला रहिवास आणि बँकखातं लागतं, त्यामुळे ते आम्ही सोडून दिलं.

पण पैशापेक्षा अवघड गाठ वेगळीच निघाली. या जगातल्या चार गोष्टी आमच्या एका मित्राच्या आजीच्या आहेत. तिचं गाव खरंच पाण्याखाली गेलंय. नियम आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्समधलेच घेतलेत, तर आपलं जगही तसंच खुलं करू, असं मी म्हटलं. मित्र गप्प राहिला, मग म्हणाला, ‘आज्जीच्या विहिरीत उद्या कुणी झॉम्बी घातले तर?’

खुल्या परवान्यात ते कुणीही घालू शकतं, आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. लोक २०२३ मध्ये ज्या गोष्टीसाठी भांडले तीच इथे आमच्यासमोर उलट बाजूनं उभी होती. त्यावर आम्ही असं ठरवलंय : फासे, तक्ते आणि रिकामे नकाशे खुले. गावं, माणसं आणि गोष्टी यांचे हक्क राखून. पाचही जणांची नावं आणि कुणाचा भाग कोणता, हे एका कागदावर लिहून सह्या, मैत्री शाबूत आहे तोवरच. सुट्टीत मित्र आजीला सगळा मसुदा वाचून दाखवणार आहे. ती ‘नको’ म्हणाली तर ती चार पानं निघतील. जग थोडं लहान होईल, होऊ दे.

बाकी योजना मदरशिपच्या वाटेनं. पहिल्यांदा फक्त एक गाव, एका ए-फोर कागदावर, तीन घड्या. तीस प्रती, आपल्याच गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तीस प्रतींत तीन टेबलं जरी खेळली तरी कुठे अडतं ते कळेल. मग पीडीएफ, ‘वाटेल ते द्या’ या किमतीत, आणि अशा ठिकाणी जिथून ती काढून दुसरीकडे नेता येते. मोठं पुस्तक, लोकांनी मागितलं तर, आणि आगाऊ नोंदणी झाली तर.

तुमच्यापैकी कुणी कविता, एकांकिका, कॉमिक असं काही वहीत दडवून ठेवलं असेल, तर हाच हिशोब त्यालाही लागू आहे. आधी एका कागदाएवढं बाहेर काढा, कुणाकुणाचं त्यात काय आहे ते लिहून ठेवा आणि पलंगाखाली पेट्या साठवू नका. खाली आधीच ट्रंका आहेत.

आणि सिव्हिलवाल्यांनो, आम्हाला धरणाचा एक बरा कंटूर मॅप काढून देणारा हात हवाय. मानधन सध्या चहा. श्रेयनामावलीत नाव मात्र पक्कं, सहीनिशी.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)